बेरीज पोचते, साक्षीदार हरवतो

१९४९ साली आपल्या टपाल खात्याने रात्रीची विमानडाक सुरू केली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परतलेले असे. मधले खंड सोडले तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही व्यवस्था चालली. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे आपण भूगोलात नुसते पाठ करतो. इथे त्या मध्याचा खरोखर उपयोग केलेला होता.

संदेशवहन शिकवताना आपल्या डोळ्यांसमोर नकळत हेच चित्र असते. प्रेषक, वाहिनी, ग्राही असे तीन चौकोन फळ्यावर काढायचे, मधल्या चौकोनावर बाहेरून एक बाण काढून त्याला गोंगाट म्हणायचे, आणि संदेश जसाच्या तसा पलीकडे पोचला की काम फत्ते. ही आकृती क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या लेखातून आलेली आहे आणि एका प्रेषकासाठी ती उत्तमच आहे. अडचण येते ती अनेक प्रेषक एकाच माध्यमातून बोलू लागतात तेव्हा. मग आपण म्हणतो की एकाचा संदेश दुसऱ्याच्या संदेशात लुडबूड करतो, म्हणून प्रत्येकाला वेगळी वेळ द्या किंवा वेगळी कंप्रता द्या. थैल्या एकमेकींत मिसळू नयेत, हा टपाल खात्याचा नियम आपण माहितीलाही लावून टाकतो.

गेल्या काही दशकांत माहिती सिद्धांताच्या एका शाखेने या नियमालाच आव्हान दिले. सामाईक वाहिनीवर अनेकांनी एकदम बोलावे, आणि ग्राहीने सगळ्यांचे संदेश वेगळे न काढता त्यांचे एखादे फलन, म्हणजे बेरीज, कमाल, सरासरी असे काही, थेट मिळवावे, असा हा विचार आहे. मला तो विचार आवडतो. पण त्याच्याविषयी जे उत्साहाने लिहिले-बोलले जाते त्यातल्या काही गोष्टी मला पटत नाहीत. दोन्ही इथे मांडायचे आहे.

आधी नागपूरचेच उदाहरण घेऊ. समजा मुंबईला कलकत्त्याकडे एक बिट पाठवायचा आहे आणि कलकत्त्याला मुंबईकडे एक. दोघांना एकमेकांचे ऐकू जात नाही. नागपूरला दोघांचेही जाते. थैलीच्या पद्धतीने चार खेपा लागतात: मुंबई ते नागपूर, नागपूर ते कलकत्ता, आणि तसेच उलट. पण नागपूरने दोन्ही बिट घेऊन त्यांची हातचा न घेता बेरीज केली (१ आणि १ मिळून ०, १ आणि ० मिळून १) आणि ती एकच बेरीज दोघांनाही ऐकवली तर? मुंबईला आपला बिट माहीत आहेच. बेरजेतून तो वजा केला की कलकत्त्याचा बिट हाती येतो. कलकत्त्याचेही तसेच. चार खेपांच्या तीन झाल्या. जाळ्याच्या मधल्या गाठींनी नुसते पुढे न ढकलता असे मिसळावे, यातले सामर्थ्य आल्स्वेडे, काय, ली आणि येउंग यांनी २००० साली एका सर्वसाधारण प्रमेयातून दाखवून दिले.

आता पुढची पायरी. मुंबई आणि कलकत्ता दोघेही एकदमच बोलले तर नागपूरच्या अँटेनावर दोन लहरी एकमेकींवर पडतील, म्हणजे बेरीज हवेतच होईल. नागपूरने दोन्ही बिट वेगळे ओळखायची गरजच नव्हती, त्याला बेरीजच हवी होती. तीन खेपांच्या दोन झाल्या. हाँगकाँगच्या झँग, लिएव आणि लॅम यांनी २००६ मध्ये ही कल्पना मांडली. २००७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत सचिन कट्टी (हे आयआयटी मुंबईचे पदवीधर), श्यामनाथ गोल्लाकोटा आणि दीना कताबी यांनी अशाच धर्तीची योजना प्रत्यक्ष रेडिओ संचांवर चालवून दाखवली. पत्राच्या थैल्यांची बेरीज करता येत नाही, बिटांची येते. एवढा फरक जरी वर्गात पोचला तरी त्या तीन चौकोनांच्या आकृतीने केलेले बरेच नुकसान भरून निघेल.

सात शिट्ट्या

मे महिन्यात विदर्भातल्या वर्तमानपत्राचा वाचक रोज एक आकडा शोधतो: आज सर्वांत जास्त तापमान किती? नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली, गोंदिया अशी अकरा केंद्रे धरू. तापमान ३८.० ते ५०.७ अंशांच्या दरम्यान, एक दशांश स्थळापर्यंत मोजायचे, म्हणजे नेमक्या १२८ शक्यता. एका केंद्राचा आकडा पाठवायला सात बिट लागतात. अकराही केंद्रांचे मिळून सत्त्याहत्तर.

पण आपल्याला फक्त कमाल हवी आहे. मग असे करू. नागपूर विचारते, “४४.४ किंवा त्याहून जास्त कोणाकडे आहे?” ज्यांच्याकडे असेल त्या सर्वांनी एकदम शिट्टी वाजवायची. शिट्टी एक वाजली की पाच, याच्याशी कर्तव्य नाही. ऐकू आली की नाही, एवढेच पाहायचे. आली तर पुढचा प्रश्न ४७.६ चा, नाही आली तर ४१.२ चा. दर वेळी शक्यता निम्म्या होतात. खरी कमाल ४५.१ असेल तर पहिल्या प्रश्नाला शिट्टी, मग ४७.६, ४६.० आणि ४५.२ ला शांतता, आणि ४४.८, ४५.० व ४५.१ ला पुन्हा शिट्टी. सात प्रश्नांत उत्तर मिळाले. गंमत अशी की केंद्रे अकराच्या ऐवजी अकराशे असती तरी प्रश्न सातच लागले असते. इथे सगळ्यांनी एकदम बोलणे हा अडथळा नाही, तेच गणकयंत्र आहे.

हेच सरासरीसाठी करून पाहा. शिट्ट्यांच्या युक्तीचा काही उपयोग होत नाही, कारण किती जणांनी वाजवली हे आपण ऐकतच नाही. कोणते फलन स्वस्त आणि कोणते महाग, हे अशा रीतीने फलन आणि वाहिनी यांच्या जोडीवर ठरते. गिरिधर आणि पी. आर. कुमार यांनी २००५ च्या एका लेखात संवेदकांच्या जाळ्यांसाठी याचा नेटका हिशेब मांडला. सगळी केंद्रे एकमेकांच्या कानाच्या टप्प्यात आहेत आणि एका वेळी एकच बोलू शकते, अशी स्थिती त्यांनी आधी घेतली. तिथे कमाल काढण्याचा वेग केंद्रांच्या संख्येच्या लॉगॅरिदमच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सरासरीचा मात्र थेट संख्येच्याच व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे सगळे आकडे एकेक करून मागवण्यापेक्षा बरे काही नाही. ‘थोडेच मागितले म्हणून थोडक्यात भागेल’ या आपल्या व्यवहारी समजुतीला हा पहिला धक्का. दुसरा याहून मोठा आहे, तो पुढे येईल.

बुडापेस्टची तीन पाने

या शाखेचे मूळ मार्च १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तीन पानी लेखात आहे. लेखक यानोश क्योर्नर आणि काटालिन मार्तोन, दोघेही बुडापेस्टचे. मार्तोनबाईंना २०१३ मध्ये शॅनन पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. क्योर्नरना पुढच्याच वर्षी मिळाला. तीन पानांचा हा लेख आजही वाचावा असा आहे, आणि त्यातली मुख्य कल्पना अकरावीच्या विद्यार्थ्याला कागदावर करून पाहता येते.

दोन पर्यवेक्षकांकडे सात ‘हो-नाही’ प्रश्नांची उत्तरे आहेत. दोघांच्या याद्या बहुतेक सारख्याच आहेत, फरक असलाच तर एकाच प्रश्नात. मुख्य कार्यालयाला याद्या नको आहेत, फरक कुठे आहे एवढेच हवे आहे. पर्यवेक्षकांना आपसात बोलायची मुभा नाही. सरळ मार्गाने एकाने सातही बिट पाठवायचे आणि दुसऱ्याने तीन, कारण पहिल्याची यादी हाती असताना दुसऱ्याची ओळखायला आठच शक्यता उरतात. एकूण दहा बिट. दोन्ही याद्या पोचवायच्या असतील तर याहून कमीत भागत नाही.

आता क्योर्नर-मार्तोन यांची रीत. प्रत्येकाने जिथे ‘हो’ आहे त्या प्रश्नांचे क्रमांक द्विमान पद्धतीने लिहायचे आणि हातचा न घेता उभी बेरीज करायची. पहिल्याची यादी १०११००१ असेल तर ‘हो’ आहेत १, ३, ४ आणि ७ या क्रमांकांवर. ००१, ०११, १००, १११ यांची बेरीज ००१. दुसऱ्याची यादी १०११०११, म्हणजे ‘हो’ १, ३, ४, ६ आणि ७ वर. बेरीज १११. दोघांनी फक्त हे तीन-तीन बिट पाठवले. कार्यालयाने त्यांची पुन्हा तशीच बेरीज केली: ११०, म्हणजे सहा. फरक सहाव्या प्रश्नात! मूळ याद्यांत काय होते हे कार्यालयाला कळलेच नाही, आणि कळायची गरजही नव्हती. दहा बिटांचे काम सहा बिटांत झाले. आणि मधली वाहिनीच अशी असेल की दोघांनी एकदम पाठवलेल्या बिटांची हातचा न घेता बेरीज ती स्वतःच करून देते, तर वाहिनी तीनदाच वापरावी लागते. दहा, सहा, तीन. ज्यांनी हॅमिंग यांचा १९५० चा चूक-सुधारक संकेत पाहिला आहे त्यांना इथे तोच कामाला लावलेला ओळखू येईल.

यात खरा चमत्कार आकड्यांची बचत हा नाही. शॅनन यांच्यापासून या विषयात एक सवय रूढ झाली होती: चांगला संकेत शोधायचा तर तो यादृच्छिकपणे, चिठ्ठ्या टाकून निवडावा, सरासरीने तो उत्तमच निघतो हे सिद्ध करता येते. तीस वर्षे ही सवय प्रत्येक प्रश्नाला पुरली. क्योर्नर आणि मार्तोन यांच्या प्रश्नात ती प्रथमच अपुरी पडली. इथे दोन्ही पर्यवेक्षकांनी एकच संकेत वापरला पाहिजे, आणि त्या संकेताला बेरजेची रचना असली पाहिजे.

रचना का लागते, हे साध्या संख्यांवर पाहू. दोन प्रेषक आहेत. प्रत्येकाचा संदेश ०, १, २ किंवा ३. ग्राहीला दोन्ही संदेशांची बेरीज हवी. वाहिनी पाठवलेल्या संख्यांची बेरीज करते आणि तीत थोडा गोंगाट मिसळते. पहिल्याने चिठ्ठ्या टाकून चार संदेशांसाठी ०, ७, १९, ४२ या संख्या निवडल्या, दुसऱ्याने ०, ११, २३, ३८. एकेकटा बोलला तर तीनपर्यंतची चूक दोघांच्याही याद्या सहज सहन करतात. पण एकदम बोलले तर? १९ आणि २३ मिळून ४२ होतात, म्हणजे संदेशांची बेरीज २ आणि २ मिळून चार. आणि ४२ व ० मिळूनही ४२ होतात, म्हणजे ३ आणि ० मिळून तीन. गोंगाट शून्य असतानाही ग्राही फसला. आता दोघांनीही ०, १०, २०, ३० ही एकच यादी वापरू द्या. बेरीज नेहमी दहाच्या पटीतच येईल. ग्राहीला ४३ ऐकू आले तर तो ४० धरील आणि उत्तर देईल चार. ते १ आणि ३ होते की २ आणि २, हे त्याला कधीच कळणार नाही. दहाच्या पटींची बेरीज दहाच्या पटीतच राहते, हा पाचवीतला गुणधर्म इथे सगळे ओझे पेलतो आहे. अनेक मितींच्या अवकाशात आलेख-कागदाच्या छेदबिंदूंसारखे बिंदू घेऊन हेच केले की त्याला जालक-संकेत म्हणतात.

कुठे पटत नाही

१९७९ च्या लेखाची मर्यादा त्याच्या लेखकांना ठाऊक होती. त्यांनी निवडलेला प्रश्न सममित होता: ० आणि १ समसमान, आणि दोन्ही स्रोत एकमेकांशी घट्ट बांधलेले. तो बदलून पाहा. दोन केंद्रे एकमेकांशी संबंध नसलेली, प्रत्येक जण दहात एकदाच ‘हो’ म्हणणारा. प्रत्येकाची माहिती ०.४७ बिट, दोघांची पूर्ण माहिती मिळून ०.९४. पण दोघांपैकी नेमका एकच ‘हो’ म्हणण्याची संभाव्यता शंभरात अठरा, आणि त्या बेरजेची माहिती ०.६८ बिट. रचनेची रीत दोघांकडूनही तेवढे मागते, म्हणजे १.३६. सगळे सांगून टाकणे ०.९४ मध्ये होत असताना, फक्त बेरीज सांगायला १.३६ कशाला खर्चायचे? आल्स्वेडे आणि हान यांनी १९८३ मध्ये दोन्ही रीतींचे मिश्रण सुचवले, त्याने काही प्रश्नांत सुधारणा होते. सर्वसाधारण प्रश्नाचे पूर्ण उत्तर आजही उपलब्ध नाही. दोन नाणी, एक हातच्याविना बेरीज, आणि चार दशकांहून अधिक काळ उत्तर नाही! हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे, कारण गणितात न सुटलेले प्रश्न फार अवघड भाषेतच असतात असा त्यांचा ग्रह असतो.

२००७ मध्ये बोबाक नाझर आणि मायकल गॅस्टपार यांनी हा विचार गोंगाट असलेल्या सामाईक वाहिन्यांवर नेला. आधी माहिती आटोपशीर करायची, मग वाहिनीसाठी तिचे संकेतन करायचे, ही दोन कामे वेगवेगळी केली तरी काही बिघडत नाही, हे शॅनन यांचे तत्त्व आहे. फलन काढायचे असेल तर ते टिकत नाही, असे या दोघांनी दाखवले. २०११ च्या लेखात त्यांनी ‘गणन करा आणि पुढे पाठवा’ ही योजना मांडली. लेख म्हणून दोन्ही उत्कृष्ट आहेत. माझा आक्षेप आहे तो त्यांच्या आधाराने नंतर उभ्या राहिलेल्या घोषणेला, की आता हवाच आपली बेरीज करून देईल.

हवा बेरीज करते हे खरे, पण ती कशाची? एक गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी तीस सेंटीमीटर. दोन प्रेषकांच्या अंतरांत पंधरा सेंटीमीटरचा फरक पडला की एकाचे शिखर दुसऱ्याच्या दरीवर पडते, आणि १ व १ मिळून २ ऐवजी ० होतात. पंधरा सेंटीमीटर म्हणजे शाळेतल्या पट्टीची लांबी. शिवाय जवळच्याचा आवाज मोठा आणि दूरच्याचा लहान येतो, म्हणजे बेरजेतल्या प्रत्येक पदाला वेगळा गुणक लागतो. २०११ च्या योजनेने यावर सुरेख तोड काढली: गुणक जे असतील ते असोत, त्यांच्या जवळपासचे पूर्णांक धरा आणि त्या पूर्णांकांची जोडबेरीज काढा. गुणक १ आणि १.५ असतील तर २ आणि ३ धरून काम चोख होते. प्रेषकांना गुणक माहीत असण्याचीही गरज नाही, ही मोठीच सोय आहे. पण गुणक १ आणि दोनचे वर्गमूळ असतील तर? ५ आणि ७ धरा, थोडी तफावत उरते. ती कमी करायला आणखी मोठे पूर्णांक घ्या, तर गोंगाट सोसण्याची ताकद घटते. निसर्गातले गुणक आपल्या सोयीसाठी परिमेय असत नाहीत. नीसन आणि व्हायटिंग यांनी २०१२ मध्ये याचा हिशेब पुरा केला. जितके प्रेषक तितकेच मधले ग्राही असतील आणि संदेशाची शक्ती हवी तितकी वाढवता येत असेल, तर आदर्श जाळ्याची क्षमता प्रेषकांच्या संख्येच्या प्रमाणात वाढायला हवी. जालकांच्या या योजनेची मात्र, प्रेषक कितीही वाढवले तरी, दोन प्रवाहांपलीकडे जात नाही. वेगळ्या रीतीने तो अडसर दूर होतो हेही त्यांनीच दाखवले, म्हणून दोष मूळ विचाराचा नाही. पण शंभर प्रेषकांचे चित्र काढून दोघांच्या प्रमेयाचा आधार द्यायचा, हे वाचकाला फसवणे आहे.

मिशिगनमध्ये काम करताना अरुण पडाकंडला आणि एस. संदीप प्रधान यांनी २०१३ मध्ये जे केले ते मला अधिक प्रामाणिक वाटते. वाहिनी मुळात बेरीज करणारी नसेल, कशीही असेल, तरी तिच्यावर रचनेचा थोडाफार फायदा घेता येतो का, असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर होकारार्थी आहे आणि बरेच किचकट आहे. या विषयाचे खरे रूप तेच आहे.

आता महाराष्ट्रातल्या कामाकडे वळतो. आयआयटी मुंबईचे ब्रिजेशकुमार राय आणि बिकाशकुमार डे यांनी २०१२ मध्ये ‘बेरीज-जाळ्यां’वर एक लेख प्रसिद्ध केला. इथे हवा नाही, गोंगाट नाही. नळांसारख्या तारांचे जाळे आहे, अनेक स्रोत आहेत, अनेक ग्राही आहेत, आणि प्रत्येक ग्राहीला सर्व स्रोतांची बेरीज हवी आहे. आदित्य राममूर्ती यांनी २००८ मध्ये दाखवले होते की स्रोत किंवा ग्राही दोनच असतील तर प्रत्येक स्रोतापासून प्रत्येक ग्राहीपर्यंत वाट असली की पुरे. तीन स्रोत आणि तीन ग्राही झाले की तेवढ्याने भागत नाही. राय आणि डे फार पुढे गेले. संदेशवहनाचा कोणताही प्रश्न घ्या, त्याच्याशी तुल्यबळ असे एक बेरीज-जाळे बनवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींचा कोणताही संच द्या. त्या बहुपदींना एखाद्या सांत क्षेत्रात सामाईक मूळ असेल तरच त्या क्षेत्राच्या अंकगणिताने साध्या रेखीय रीतीने सुटणारे जाळे ते बांधून देतात. म्हणजे एखाद्या जाळ्यात बेरीज पोचते की नाही, हे तुम्ही कोणत्या अविभाज्य संख्येच्या अंकगणितात काम करता यावरही अवलंबून राहू शकते.

हाच तो दुसरा धक्का. सगळे मागण्यापेक्षा बेरीज मागणे सोपे, असे आपण धरून चालतो. राय आणि डे म्हणतात, सर्वसाधारण जाळ्यात बेरीज मागणे हे काहीही मागण्याइतकेच अवघड असू शकते. त्यांच्या लेखावर टीका करायचीच तर एवढी की त्यातली जाळी प्रमेयासाठी घडवलेली आहेत, कोणा अभियंत्याला वाटेत भेटलेली नाहीत. तरीही ‘हवाच बेरीज करील’च्या उत्साहावर हा लेख चांगला उतारा आहे, आणि तो आपल्याच राज्यात लिहिला गेला याची इथल्या शिक्षकांना फारशी खबर नाही.

छप्पन्न अंश

माझा शेवटचा आक्षेप गणितावर नाही, गणिताने न विचारलेल्या प्रश्नावर आहे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. बातमी देशभर झाली. हवामान खात्याने तो आकडा संवेदकाच्या बिघाडाचा असून ग्राह्य नाही असे स्पष्ट केले. ते त्यांना करता आले, कारण आकडा कोणत्या केंद्राचा आहे हे माहीत होते आणि त्याच शहरातल्या इतर केंद्रांचे आकडे शेजारी होते.

आपल्या सात शिट्ट्यांच्या पद्धतीत त्या दिवशी काय झाले असते? बिघडलेल्या केंद्राने सातही प्रश्नांना शिट्टी वाजवली असती, आणि उत्तर आले असते ५०.७. छप्पन्न ऐकून कोणीही थबकेल, ५०.७ ऐकून उष्णतेच्या लाटेचा इशारा निघेल. कोणी सांगितले, हे विचारायला जागाच नाही, कारण शिट्टीला नाव नसते. कमाल हे फलन तर यासाठी सर्वांत धोक्याचे: अकरांपैकी एक खोटा असला की उत्तर खोटे. सरासरीत चूक निदान अकरांत विभागली जाते. पण दोन्हींत साक्षीदार पुसला जातो, आणि बचत झालेली असते ती नेमकी त्यालाच पुसून.

हे पुसणे कधी कधी हवेच असते, हेही खरे. मतदानकेंद्रनिहाय आकडे उघड झाले की कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे कळते. त्यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’ सुचवला. एका वेळी चौदा मतदान यंत्रे जोडायची आणि फक्त एकत्रित बेरीज वाचायची. कायदा आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अमलात आले नाही. त्या प्रस्तावात फोड न कळणे हा गुण होता. तापमानात तोच दोष ठरतो. सिद्धांताच्या समीकरणांत मात्र दोन्ही प्रश्न हुबेहूब एकच दिसतात.

साक्षीदार परत आणायला किती खर्च येतो, हे मोजता येते. सात प्रश्नांनंतर नागपूरने पुढे विचारावे, “कमाल आकडा असलेल्यांपैकी क्रमांक १ ते ८ मध्ये कोणी आहे का?” अकरा केंद्रांसाठी अशा आणखी चार शिट्ट्यांत केंद्र सापडते. मग त्याच्या सर्वांत जवळच्या केंद्राचा पूर्ण आकडा मागवावा, आणखी सात बिट. सात, चार आणि सात मिळून अठरा. सत्त्याहत्तरपेक्षा तरीही पुष्कळ कमी. बुडापेस्टच्या, नाझर-गॅस्टपार यांच्या आणि मुंबईच्या लेखांतल्या प्रमेयांत हे वरचे अकरा बिट कुठल्याही पदात येत नाहीत.

वर्गात हे करून पाहायला अकरा मुले आणि अकरा चिठ्ठ्या पुरतात. शिट्टीऐवजी टाळी चालेल, फक्त मुलांनी डोळे मिटलेले असावेत आणि विचारणाऱ्याने फळ्याकडे तोंड करून उभे राहावे. एका चिठ्ठीवर ५६.० लिहून ठेवा आणि ती कोणाला दिली हे कोणालाही सांगू नका.